थीटाची होडी, चांदणीचे खडक: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोपऱ्यात एक छोटी टीप टाकली होती, की ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर (म्हणजे आलेख काढणारा, प्रोग्राम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर) गेम बनवायचा तर चित्रं काढत बसायची गरज नाही, मशीनमध्ये असलेली अक्षरं आणि चिन्हंच चित्र म्हणून वापरता येतात. वाटलं होतं दोघातिघांच्या पलीकडे कोण वाचणार, पण कोकणातून एवढी पत्रं आली की हे सदर पूर्ण त्यालाच दिलंय. आंब्याच्या मोहोराबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज. आणि एक, कमांडची नावं इथे देवनागरीत छापलीत, मशीनवर ती इंग्रजीत दिसतील, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: दादा, माझा मामा बोटीवर असतो, त्याने येताना टीआय-८३ प्लस आणला. मी ग्राफच्या स्क्रीनवर पिक्सेल पेटवून होडी काढली, पण हलवायला गेलो की एकेक ठिपका पुसला जातो मग एकेक लागतो, बघवत नाही. अक्षरांनी फास्ट होतं म्हणता, ते का आणि कसं? (अकरावी सायन्स, मालवण)

आधी का ते सांगतो. तुझ्या मशीनची (टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनी) स्क्रीन आहे ९६ बाय ६४ ठिपक्यांची. त्यात होम स्क्रीनवर, म्हणजे जिथे आपण साधी बेरीज-वजाबाकी करतो तिथे, १६ उभे रकाने आणि ८ ओळी बसतात. प्रत्येक अक्षराला ६ बाय ८ ची चौकट मिळते, १६ गुणिले ६ झाले ९६ आणि ८ गुणिले ८ झाले ६४, एक ठिपका वाया नाही. आता त्या एका चौकटीत ४८ ठिपके आहेत, ते तू एकेक करून पेटवलेस तर बेसिक (मशीनची प्रोग्राम लिहायची भाषा) प्रोग्रामला प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी कमांड वाचायला लागते, समजून घ्यायला लागते, मग करायला लागते, आणि आत बसलाय ६ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, त्याच्याकडून अजून किती अपेक्षा करणार. अक्षर मात्र आधीपासून आत काढून ठेवलेलं असतं. तू फक्त सांगायचं की अमुक ओळ, अमुक रकाना, हे अक्षर लाव. एक कमांड, ४८ ठिपके.

कमांड ही अशी:

आउटपुट(५,३,"थीटा")

म्हणजे पाचव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात थीटा. (शब्द नाही रे, थीटाचं चिन्ह, अल्फा दाबून ३ चं बटण.) टीआयवर गेम करणाऱ्यांचा हिरो वर्षानुवर्षं थीटाच आहे, गोल अंग आणि मधे आडवी रेघ, माणूस म्हण, बॉल म्हण, वरून बघितलेली होडी म्हण, सगळ्यात चालतं. ओळ आधी आणि रकाना नंतर हे डोक्यात पक्कं बसव, ग्राफमध्ये एक्स आधी घ्यायची सवय असते आपल्याला, त्यामुळे होडी भलतीकडेच जाते.

हलवायचं म्हणजे जुन्या जागी स्पेस लावायची, नव्या जागी थीटा. बस. पण हे लूपमध्ये प्रत्येक फेरीला करू नकोस, नाहीतर होडी लुकलुकत राहील. बटण दाबलं असेल तरच पुसायचं आणि तरच काढायचं. बटणाचे नंबर गेटकी कमांड देते आणि ते पाठ करायची गरज नाही, शेवटचा आकडा रकान्याचा आणि त्याच्या आधीचा वरून कितवी ओळ त्याचा. डावा बाण २४, वरचा २५, उजवा २६, खालचा ३४, एंटर १०५ कारण ते दहाव्या ओळीत पाचवं आहे. क्लिअर ४५, गेममधून बाहेर पडायला तेच ठेव, सगळे तेच ठेवतात.

प्रश्न: तुम्ही दिल्याप्रमाणे आउटपुट हा शब्द इंग्रजीत अक्षर अक्षर टाइप केला तरी सिंटॅक्स एरर. माझ्या मशीनमध्ये ती कमांड नसेल का? (गुहागर)

आहे हो. टीआयमध्ये कमांड टाइप करायची नसते, मेनूतून उचलायची असते. प्रोग्राम एडिट करताना पीआरजीएमचं बटण दाबा, आय-ओ मेनूत जा, तिथे आहे. मशीनसाठी ती सहा अक्षरं नाहीतच, आख्खी कमांड हे एकच टोकन आहे. तुम्ही अक्षरं टाइप केलीत तर ते समजतं की ओ गुणिले यू गुणिले टी असं काहीतरी चाललंय.

याचाच एक फायदा पण आहे बरं का. अवतरणाच्या आत तुम्ही साइनचं बटण दाबलंत तर एका टोकनमध्ये कंसासकट चार अक्षरं उमटतात. आणि मेनू धुंडाळत गेलात तर अवतरणात टाकता येतील अशी चिक्कार चिन्हं सापडतात. टेस्टच्या मेनूत लहान-मोठं, बरोबर नाही वगैरे, स्टॅट प्लॉटमध्ये छोटा चौकोन आणि ठिपका, अँगलमध्ये डिग्रीचं वर्तुळ. पायचं चिन्ह तर डिट्टो मांडव. दोन चिन्हं मात्र अवतरणात सरळ बसत नाहीत, एक खुद्द अवतरणचिन्ह आणि दुसरा स्टोअरचा बाण. अवतरणचिन्ह हवंच असेल तर वाय-इक्वलच्या एडिटरमध्ये वाय१ ला ते टाकायचं आणि इक्वेशन-टू-स्ट्रिंग कमांडने स्ट्रिंगमध्ये (म्हणजे सलग अक्षरांच्या माळेत) काढून घ्यायचं. एवढी उठाठेव कशाला म्हणा, पण होतं.

प्रश्न: माझी होडी खडकातून आरपार जाता! खडक म्हणून चांदण्ये लावलंय, दिसतत बरोबर, पण होडी त्येंका पुसून पुढे. आता प्रत्येक खडकाक येगळो इफ लिवूचो काय? चाळीस खडक आसत. (वेंगुर्ला)

नको नको, चाळीस इफ (म्हणजे ‘असं असेल तर’ च्या ओळी) लिहिलेस तर होडी चालायची नाही, सरपटेल. हा प्रश्न सगळ्यात भारी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण अक्षरांनी गेम करायची खरी मजा इथेच आहे, स्पीड वगैरे नंतरचं.

स्क्रीनवर १६ गुणिले ८ म्हणजे १२८ जागा. तर १२८ अक्षरांची एकच लांब स्ट्रिंग कर. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जायचंय असं समजू, खाली डाव्या कोपऱ्यात धक्का, वर उजवीकडे किल्ला, मधे चांदणीचे खडक. टिंब म्हणजे पाणी, ते फक्त इथे छापण्यापुरतं, मशीनवर तिथे स्पेस द्यायची, अल्फा शून्य:

..............[]
..*.........[][]
.....*.......*..
*.......*.......
..........*.....
.........*......
..*...*.........
................

हे सगळं सलग, ओळ न तोडता, एका अवतरणात टाकून स्ट्रिंग१ मध्ये ठेव. मग फक्त एवढंच लिही:

आउटपुट(१,१,स्ट्रिंग१)

ओळ भरली की उरलेलं आपोआप खालच्या ओळीत उतरतं, आख्खा समुद्र एका कमांडमध्ये. डिस्प वापरू नकोस, ती स्क्रीन वर सरकवते, आउटपुट नाही सरकवत.

आता खडक आहे की नाही ते कसं कळणार? तर जो नकाशा तू दाखवलास तोच मशीनला वाचायला लाव. ओळ सी आणि रकाना डी असेल तर त्या जागेचं अक्षर स्ट्रिंगमध्ये १६ गुणिले (सी वजा १) अधिक डी या नंबरावर असतं. वरच्या नकाशात तिसऱ्या ओळीत सहाव्या रकान्यातली चांदणी बघ, १६ दुणे ३२, अधिक ६, अडतिसावं अक्षर. स्ट्रिंगमधलं अडतिसावं अक्षर मोजून बघ, चांदणीच आहे. म्हणजे चित्र आणि नियम दोन्ही एकाच जागी. चित्रात खडक हलवलास की नियमात पण हलला, वेगळं काही लिहायचं नाही. पिक्सेलने काढलेल्या होडीत ही सोय फुकट मिळत नाही, तिथे दिसायला एक आणि हिशेबाला दुसरं असं दोन ठिकाणी सांभाळत बसावं लागतं.

कोड असा होतो, के मध्ये दाबलेल्या बटणाचा नंबर आणि ए, बी मध्ये होडीची आत्ताची ओळ आणि रकाना आहे असं धरून (बटण दाबलं असेल तरच हे चालवायचं):

ए+(के=३४)-(के=२५)→सी
बी+(के=२६)-(के=२४)→डी
मॅक्स(१,मिन(८,सी→सी
मॅक्स(१,मिन(१६,डी→डी
इफ सब(स्ट्रिंग१,१६(सी-१)+डी,१)=" "
देन
आउटपुट(ए,बी," "
सी→ए
डी→बी
आउटपुट(ए,बी,"थीटा"
एंड

सब म्हणजे स्ट्रिंगमधला तुकडा काढणारी कमांड, कुठली स्ट्रिंग, कितव्या अक्षरापासून आणि किती अक्षरं ते सांगायचं. पहिल्या दोन ओळी बघून दचकू नकोस. कंसातली गोष्ट खरी असेल तर मशीन १ देतं, खोटी असेल तर शून्य, त्यामुळे खालचा बाण दाबला तर ओळीत एक वाढतो, वरचा दाबला तर एक कमी होतो, चार इफ वाचले. मॅक्स-मिनच्या ओळी होडी स्क्रीनबाहेर जाऊ नये म्हणून, त्या विसरलास तर एरर. कंस आणि अवतरण शेवटी बंद केली नाहीत ते छपाईची चूक म्हणून कळवू नका कोणी, ओळ किंवा बाण आला की टीआय स्वतःच बंद करून घेतं आणि तेवढ्या बाइट वाचतात.

हाच नकाशा कोणी मॅट्रिक्समध्ये ठेवायला सांगेल. ठेवता येतो, पण मॅट्रिक्समधला एकेक आकडा ९ बाइट खातो, १२८ नवे ११५२, आणि स्ट्रिंगमध्ये साधं चिन्ह १ बाइट. तुला वापरायला रॅमच २४ केबी मिळते, त्यात पाच-सात लेव्हल करायच्या तर स्ट्रिंगच बरी.

आता तुला आवडेल असं एक. भरतीला पाण्याखाली जाणारे खडक असतात ना, तसे करायचे तर दुसरी १२८ ची स्ट्रिंग२ कर, त्यात ते खडक टाक, आणि ती स्क्रीनवर आणूच नकोस. तपासताना मात्र दोन्ही वाच. खेळणारा मोकळ्या पाण्यात आदळेल आणि शिव्या घालेल, मग दोन-चारदा आदळून त्याला वाट पाठ होईल. आणि नाणी किंवा मासे गोळा करायचे असतील तर गोळा केलेलं अक्षर स्ट्रिंगमधून पण काढायला लागेल, एन या नंबरावरचं असेल तर:

सब(स्ट्रिंग१,१,एन-१)+" "+सब(स्ट्रिंग१,एन+१,१२८-एन→स्ट्रिंग१

फक्त पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत काही ठेवू नकोस, तिथे लांबी शून्य होते आणि शून्य लांबीचा तुकडा मागितला की एरर. नाण्यासाठी वरच्या इफमध्ये "किंवा नाणं" असं पण घालावं लागेल, नाहीतर होडी नाण्याला पण खडक समजेल. आणि किल्ला आत्ता कंसाचा आहे त्यामुळे तिथे पण होडी थांबेल, पोचली की जिंकलं असा इफ तेवढा वेगळा लिही. स्कोअर दाखवायचा असेल तर आठवी ओळ मोकळी ठेव आणि मिनमध्ये ८ ऐवजी ७ कर, होडी पण सातव्या ओळीतूनच सोडायची मग.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. पुतण्याचा जुना कॅल्क्युलेटर मिळाल्यापासून दिवसभर त्यात काहीतरी टाइप करतो. अभ्यासाला याचा काही उपयोग आहे का, आणि पुढे परीक्षेला तरी चालतो का? (एक आई, चिपळूण)

ताई, परीक्षेचं स्पष्ट सांगतो, त्या आशेवर राहू नका. जेईई, नीटला कुठलाच कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही, गेटला कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर असतो, आणि इंजिनिअरिंगच्या पेपरना पण साधारणपणे प्रोग्राम न होणाराच मशीन चालतो. अमेरिकेत शाळेत हे रोज वापरतात, आयबी बोर्डात वापरतात, म्हणून ते बनतात.

अभ्यासाचं म्हणाल तर तो काय टाइप करतोय ते एकदा बघा. दुसऱ्याचे गेम नुसते खेळत असेल तर ठरलेल्या वेळेपुरतं ठेवा. स्वतः लिहीत असेल तर वरच्या वेंगुर्ल्याच्या उत्तरातली १६ ची गुणाकार-बेरीज त्याला विचारून बघा, धाडकन सांगेल. दहावी आहे हे मान्य, पण हिसकावून घेऊ नका, रात्री जेवणानंतर तास-अर्धा तास द्या असं माझं मत आहे. मोबाइलपेक्षा लाखपटीने बरं, यात रील्स येत नाहीत.

प्रश्न: मासा करायचा आहे, एका अक्षरात होत नाही. तीन अक्षरांत केला पण पुसताना आणि काढताना फडफडतो. (हर्णै)

हर्णैहून माशाचाच प्रश्न येणार! तीन अक्षरांचा मासा म्हणजे हा ना, डावीकडे तोंड केलेला:

<><

आणि उजवीकडे तोंड:

><>

दोन्ही चिन्हं टेस्टच्या मेनूत. फडफडतो कारण तू तीन स्पेस लावून आधी पूर्ण मासा पुसतोस, क्षणभर तिथे काहीच नसतं, मग नवा काढतोस. पुसायची वेगळी कमांडच काढून टाक. माशाच्या शेपटीमागे एक स्पेस त्याच्यातच जोड. डावीकडे जाणारा "<>< " असा चार अक्षरी कर, एक घर डावीकडे सरकवून लावलास की नवं चित्र जुन्यावर बसतं आणि जी शेपटी मागे उरली असती तिच्यावर ती स्पेस येते. उजवीकडे जाताना स्पेस आधी, " ><>", आणि तो माशाच्या नव्या जागेच्या एक रकाना मागून लावायचा. एका पावलाला एक कमांड, फडफड बंद.

कडेला सांभाळ. रकाना ० झाला की डोमेन एरर, आणि तेराव्या रकान्याच्या पुढे चार अक्षरं लावलीस तर ती तुटून उरलेली खालच्या ओळीत पहिल्या रकान्यापासून निघतात. आणि मासा खडकावरून पोहत जाणार असेल तर मागे स्पेस लावून भागणार नाही, खडक पण पुसला जाईल, तिथे त्या जागेचं मूळ अक्षर स्ट्रिंगमधून सब कमांडने काढून परत लावायचं.

याच पत्रात नोकियाच्या सापाबद्दल पण विचारलंय. तिथे हेच तत्त्व, आख्खा साप कधीच परत काढायचा नाही, पुढे एक डोकं लावायचं, मागे शेपटीच्या जागी एक स्पेस, मधला साप आहे तिथेच पडून राहतो. कुठे-कुठे आहे ते लिस्टमध्ये ठेव.

प्रश्न: तयार चिन्हांतून हवं तसं चित्र मिळत नाही. मशीनमध्ये आपलं स्वतःचं अक्षर, उदा. देवनागरी, घालता येतं का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी)

बेसिकमधून नाही. होम स्क्रीनची अक्षरं आत कायमची ठरलेली आहेत, ५ बाय ७ ठिपक्यांत बसवलेली. देवनागरीला शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी आणि खाली उकार असं सगळं सात ठिपक्यांत कोंबायचं म्हणजे क आणि फ मधला फरक देवाला विचारायला लागेल.

पण एक जबरदस्त आयडिया आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. ग्राफच्या स्क्रीनवर जा. एक्स-वाय अक्षांच्या रेघा बंद कर, स्क्रीन साफ कर. तिथे ड्रॉच्या मेनूत टेक्स्ट कमांड आहे, ती छोट्या टाइपात लिहिते, पाचेक ठिपके उंच अक्षर, आणि तिथे ओळ-रकाना अक्षरांचे नसून ठिपक्यांचे असतात. म्हणजे अक्षर कुठल्याही ठिपक्यापासून सुरू करता येतं. आणि मुख्य गोष्ट, नवं अक्षर जुन्यावर पडलं की जुन्याचे ठिपके खाली दिसत राहत नाहीत, नवं अक्षर आपली आख्खी चौकट झाकून टाकतं.

मग काय करायचं, पहिलं अक्षर लाव, दुसरं फक्त एक ठिपका पुढे सरकवून लाव. पहिल्याचा डावा उभा काप तेवढा शिल्लक राहतो, बाकी झाकला गेला. तिसरं अजून एक ठिपका पुढे, दुसऱ्याचा पण एकच काप राहिला. असं करत करत प्रत्येक अक्षरातून फक्त डाव्या कडेचा काप वापरायचा आणि कापांना काप जोडून चित्र उभं करायचं. इंग्रजी ई ची डावी कड पूर्ण भरलेली, पाचही ठिपके. बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या कडेला दोनच ठिपके, दुसरा आणि चौथा. वजाबाकीच्या चिन्हाला मधला एकच. हे तीन ओळीने लावून बघ:

टेक्स्ट(२०,३०,"ई"
टेक्स्ट(२०,३१,"="
टेक्स्ट(२०,३२,"-"
टेक्स्ट(२०,३३,"    "

मिळतं हे:

#..
##.
#.#
##.
#..

होडीच्या डोलकाठीवरची पताका! ई, बरोबर आणि वजा यांच्यातून पताका निघेल असं कोणाच्या मनात तरी येईल का. शेवटची स्पेस वजाच्या चिन्हाचा उरलेला भाग झाकायला, आणि छोट्या टाइपातली स्पेस फार अरुंद असते म्हणून एक नाही, चार दिल्यात. प्रत्यक्षात चार टेक्स्ट कमांड लिहिण्यापेक्षा ही अक्षरं एका स्ट्रिंगमध्ये ठेव आणि फॉर लूपने सब करून एकेक लावत जा, मग वेगळ्या चित्राला नुसती वेगळी स्ट्रिंग.

बसून एकदा चौकटीच्या वहीवर सगळ्या चिन्हांच्या डाव्या कडा उतरवून काढ, कुठल्या चिन्हातून कुठला काप मिळतो त्याचा तक्ता होतो, तो झाला की खेकडा काय, रापण काय, काहीही विणता येईल. स्पीडला हे होम स्क्रीनपेक्षा हळू आहे, आठ कापांच्या चित्राला आठदा टेक्स्ट चालतं. त्यामुळे मी तरी हे हलत्या पात्राला वापरणार नाही, टायटलला, किल्ल्याला, जे एकदा काढून सोडून द्यायचं त्याला वापरेन. आणि अशा चित्राला धडकलं की नाही ते कळायला पुन्हा वेगळा हिशेब ठेवावा लागतो, ती स्ट्रिंगवाली गंमत इथे नाही.

प्रश्न: पावसात सेल बदलले आणि महिन्याभराची मेहनत गेली, रॅम क्लिअर्ड असं येऊन सगळे प्रोग्राम गायब. आमच्याकडे दमट हवेने सेलच्या जागी पांढरं पण धरतं. (देवगड)

वाईट वाटलं वाचून. ८३ प्लसमध्ये एएए चे चार सेल असतात आणि शिवाय एक छोटा गोल बॅकअप सेल असतो, मोठे सेल काढले की रॅमला तोच धरून ठेवतो. तुमचा तो बहुतेक संपलेला असणार, जुन्या मशीनमध्ये तो बदलायचं कोणाच्या लक्षातच नसतं. दोन्ही प्रकारचे सेल एकदम कधीच काढू नका आणि मशीन बंद करूनच काढा.

त्यापेक्षा पक्कं म्हणजे प्रोग्राम लिहून झाला की मेमरीच्या मेनूतून आर्काइव्ह करायचा, तो फ्लॅश मेमरीत जातो, सेल असोत नसोत तिथेच राहतो. नावापुढे छोटी चांदणी दिसली की समजा गेला आत. चालवायच्या आधी परत अनआर्काइव्ह करायला लागतो एवढाच व्याप. (साधा ८३ असेल, प्लस नसलेला, तर त्यात ही सोय नाही.) पांढरं धरतं ते बहुतेक सेल गळल्यामुळे, कापसाच्या काडीला थोडं लिंबू लावून पुसा, मग कोरडं करा, आणि जून ते सप्टेंबर वापर नसेल तर चारही सेल काढून ठेवा, पण आर्काइव्ह करून मगच. आणि हो, लाइट गेल्यावर खेळायला म्हणून कोणी घेणार असेल तर या स्क्रीनला मागून उजेड नसतो, कंदील लागेलच.

प्रश्न: माझ्याकडे कॅसिओ एफएक्स-९८६० आहे, टीआयचा कोड चालत नाही. भावाकडे नवीन रंगीत टीआय-८४ प्लस सीई आहे, त्यावर तुमचा गेम कोपऱ्यात चिकटून दिसतो. (अलिबाग)

कॅसिओवर आउटपुटच्या जागी लोकेट. आणि तिथे उलटं, रकाना आधी, ओळ नंतर. जागा २१ बाय ७, म्हणजे आडवा समुद्र थोडा मोठा मिळतो. गेटकीचे नंबर पण वेगळे, डावा ३८, उजवा २७, वर २८, खाली ३७, ईएक्सई ३१. जुन्या मॉडेलमध्ये नकाशा मॅट्रिक्समध्येच ठेव, तेच सोपं जाईल, पाण्याला शून्य, खडकाला १. ग्राफिंग कॅल्क्युलेटर बाजारात आणले ते कॅसिओनेच, १९८५ मध्ये, टीआयचा पहिला १९९० चा, तेव्हा कमी समजू नकोस.

भावाच्या सीईची होम स्क्रीन २६ बाय १० आहे, म्हणून १६ बाय ८ चा गेम वर डाव्या कोपऱ्यात बसतो. चालेल तसाच, फक्त आख्खी स्ट्रिंग एकदम लावली की ती २६ ला वळेल आणि नकाशा विस्कटेल. नकाशाच २६० अक्षरांचा कर आणि कोडमध्ये जिथे-जिथे १६ आहे तिथे २६, ८ आहे तिथे १०, आणि शेवटच्या चौकटीचा १२८ तिथे २६०.

प्रश्न: यातला एकही कॅल्क्युलेटर माझ्याकडे नाही, घ्यायचा पण नाही, तरी करून बघायचंय. (पेण)

ब्राउझरमध्ये नमवर्क्सचा सिम्युलेटर फुकट उघडतो, फ्रेंच कंपनी आहे, त्यात पायथॉन आहे. कँडिन्स्की नावाचं मॉड्यूल घ्या आणि ड्रॉ-स्ट्रिंगने अक्षर लावा, तिथे जागा ठिपक्यांत द्यायची असते, ३२० बाय २२२. नकाशा स्ट्रिंगमध्ये ठेवायची युक्ती जशीच्या तशी चालते, फक्त पायथॉन शून्यापासून मोजतं, तेव्हा ओळ आणि रकाना पण शून्यापासून धरा, मग त्या वजा १ ची गरज नाही. टीआयचे एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनची नक्कल) पण मिळतात, वॅबिटएमू वगैरे, पण त्याला लागणारी रॉम (मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) स्वतःच्या मशीनमधूनच काढायची असते, कोणी पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नका, ती कंपनीच्या मालकीची आहे.

प्रश्न: कॅसिओ एफएक्स-९९१ वर होईल का? (सावंतवाडी)

नाही. त्यावर प्रोग्राम लिहिता येत नाही.